कडी

आरगच्या पानमळ्यातून मिरज स्टेशनपर्यंत
अकरा वर्षं जिनं पानाचे डप्पे वाहिले
ती पिकअप मी विकली,
एका बुधवारी, दोन लाख दहा हजाराला,
आणि वर स्टेपनी फुकट दिली.

विकल्याचं तेवढं वाटत नाही
जेवढं त्या स्टेपनीचं वाटतं.
कुणी मागितलीसुद्धा नव्हती.

रंग कागदावर पांढरा.
हौदा पानाच्या पाण्यानं हिरवा-काळा,
कितीही धुतला तरी ओल्या गोणपाटाचा वास,
आणि केबिनमध्ये ऐन उन्हाळ्यात
कुणीतरी नुकताच डबा उघडून
विडा लावायला घेतल्यासारखं.

हॉर्न फक्त डावीकडं वळताना वाजायचा.
म्हणून उजव्या वळणाला
आमचा क्लीनर दस्तगीर
खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडायचा.
बेडगच्या कोपऱ्यावरची कुत्री
त्याला बघून आपणहून बाजूला व्हायची.

माझ्या बाजूचं दार आतून उघडायचं नाही.
काच खाली घ्यायची, हात बाहेर घालायचा,
बाहेरची कडी ओढायची, खांद्यानं ढकलायचं.
पावसात उजवी बाही कायम ओली.
सुमती म्हणायची, "दुरुस्त करा की ओ."
मी म्हणायचो, "खोड हाय तिची. जाणार न्हाई."

सुमती हिच्यावरच गाडी शिकली,
दंडोबाच्या पायथ्याला.
रिव्हर्स घेताना बाभळीला टेकवली,
मग उतरून आधी बाभळीला बघून आली.
फाळक्याला जो पोचा आला
तो मी कधी काढला नाही.
गिऱ्हाईक म्हणालं, पोचा आहे, पाच हजार कमी करा.
केले.

नवी गाडी चांगली आहे, खोटं कशाला बोलू.
स्टेअरिंग एका बोटानं फिरतं.
पट्टा लावला नाही तर पिपाणीसारखी कोकलते.
दस्तगीर आता मोबाईल बघतो,
डावी-उजवी सगळी वळणं
त्याला न विचारता निघून जातात.

आणि परवा कुपवाडला,
एमआयडीसीच्या वजनकाट्यावर,
माझ्या पुढं उभी.

आता बर्फ वाहते.
हौद्यातून पाणी ठिबकत होतं, ते तेवढं ओळखीचं.
निळा रंग मारलाय. पण पोचा तसाच,
आणि उन्हात तिरकं बघितलं तर
निळ्याच्या खालून
गुंडू पेंटरनं काढलेली पानवेल
अजून वर चढतीय.

मालक पोरगेला, समडोळीचा, अरिहंत नाव.
म्हटलं, जरा बसू का?
"बसा की काका, तुमचीच समजा."

सीट बदललेली. लिंबू-मिरची दुसऱ्या कुणाची.
गिअरच्या दांड्यावरचे आकडे मात्र
माझ्याच तळहातानं पुसलेले,
कुठला गिअर कुठं, ते अजून मलाच माहीत
अशी उगाच समजूत.
वास घेतला नाही. धाडस झालं नाही.

उतरायचं म्हणून काच खाली घेतली,
हात बाहेर घातला.
पोरगं हसलं,
"काका, आतनं उघडतंय की.
कडी टाकली नवी. साठ रुपये."

साठ रुपये.

आतली कडी ओढली. टक.
दार इतकं अलगद सुटलं
की ढकलायच्या तयारीत असलेला खांदा
रिकामाच पुढं गेला,
आणि माझा तोल.
अरिहंतनं धरलं म्हणून.

रात्री घरी सांगितलं, गाडी भेटली.
सुमतीचा भाकरी थापणारा हात थांबला.
"पोचा?"
"हाय."
"दार?"
मी ताटातली मिरची बाजूला केली.
"तसंच," म्हटलं.

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.
जरा वेळानं म्हणाली,
"आन् स्टेपनी?"

ती बघायची राहिली.